निदान झालं, आता घरी काय करायचं? (ऑटिझम)

अबोली
नमस्कार. मुलगा तीन वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियननी (मुलांच्या विकासाचे डॉक्टर) ऑटिझमचं निदान केलं. रिपोर्ट हातात आहे. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजच्या गोष्टी जमाव्यात म्हणून दिलेली थेरपी) सुरू करा असं लिहून दिलंय, पण दोन्हीकडे वेटिंग आहे. म्हणजे पुढचे काही आठवडे तरी तो आणि आम्ही, घरीच. ऑटिझम म्हणजे काय यावर वाचायला पुष्कळ मिळालं. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत त्याच्याशी वागायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा.

त्याच्याबद्दल थोडं: दीड वर्षाचा असताना पाच-सहा शब्द बोलायचा, ते हळूहळू गेले. आता काही हवं असलं की माझा हात धरून तिथे नेतो. कार्टूनमधली वाक्यं मात्र जशीच्या तशी, त्याच सुरात म्हणतो. खेळण्यातल्या गाड्यांची चाकं फिरवत बसतो. आनंद झाला की हात फडफडवतो. मिक्सर लागला की कान झाकून पळतो. रात्री झोप फार उशिरा. नवीन कपडा घालायचा म्हटलं की आकांत.

प्रश्न बरेच आहेत. नजरेला नजर द्यायला लावावी का? हात फडफडवणं थांबवावं का? घरात दोन भाषा बोलल्या जातात, त्यातली एक बंद करा असं एका नातेवाइकांनी सुचवलंय. सासूबाईंना वाटतं मी नोकरी करते म्हणून हे झालं. मोठी मुलगी सात वर्षांची आहे, तिला काय सांगू? नवरा निदान झाल्यापासून गप्प आहे.

कावेरी
अबोली, सासूबाईंचा मुद्दा आधी घेते. तो मनात रुतून राहिला तर बाकी काही करायला बळच उरत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझम वैद्यकशास्त्रासमोर मांडला. पुढची काही दशकं आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं, असं डॉक्टर मंडळीच म्हणत. ब्रूनो बेटेलहाइम या अमेरिकेतल्या लेखकांनी तो समज घरोघर पोचवला. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. त्यांनी १९६४ साली पुराव्यानिशी दाखवलं की याचं मूळ आईच्या मायेत नाही, मेंदूच्या जडणघडणीत आहे. २०१९ साली पाच देशांतल्या २० लाख मुलांचा एक अभ्यास आला. ऑटिझमची शक्यता कुणात कमी, कुणात जास्त असते, त्या फरकातला सुमारे ८० टक्के वाटा अनुवंशिकतेचा, असं त्यात दिसलं. नोकरी, मोबाइल, लाड, यांतल्या कशानंही तुमचं मूल ऑटिस्टिक झालेलं नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. सुनेचं म्हणणं आणि डॉक्टरचं म्हणणं यांचं वजन घरात सारखं नसतं. अन्यायच आहे तो, पण आपलं काम व्हायला हवं.

आता घर. माझा मुलगा आज सतरा वर्षांचा आहे. मला कुणी विचारलं तर मी सांगते की पहिले दोन आठवडे काहीही शिकवू नका, फक्त बघा. एक वही करा. तो बिथरला की तीन गोष्टी लिहायच्या: त्याच्या आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, आणि मग आपण काय केलं. किती वाजले होते, भूक लागली होती का, आवाज कसला होता, तेही. कशात रमतो, कशावर हसतो, कोणता स्पर्श आवडतो, हेसुद्धा तितक्याच बारकाईनं. थेरपिस्टना या वहीचा रिपोर्टपेक्षा जास्त उपयोग होतो.

आणि शरीर तपासून घ्या. ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर ती पहिली, कारण शब्द गेलेत. बद्धकोष्ठता, दातदुखी, कानदुखी, लोह कमी असणं, झोप न होणं, यांतलं काहीही त्याला सांगता येत नाही, ते वागण्यातून बाहेर पडतं. अचानक वागणं बदललं की आधी ‘कुठे दुखतंय का’ हे पाहायचं. अधूनमधून एकटक बघत गोठल्यासारखा होत असेल, हाक आणि स्पर्श दोन्ही पोचत नसतील, तर त्याचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. ऑटिस्टिक मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं.

डोंगरवारा
कावेरीताईंना अनुमोदन. वही आम्हीही ठेवली होती. त्यातून कळलं की आमची लेक संध्याकाळी रडते ती ट्यूबलाइट लागल्यावर. दिवा बदलला, रडणं थांबलं. प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं, हेही खरं.

निशिगंध
मी स्पीच थेरपिस्ट आहे. वेटिंगच्या काळात घरी काय करता येईल ते लिहिते. मात्र याला व्यायामाचं वेळापत्रक समजू नका. दिवसभर जे चालतं त्यातच हे करायचंय.

‘बोलणं’ आणि ‘सांगणं’ वेगळं धरा. तो तुमचा हात धरून नेतो, म्हणजे तो सांगतोच आहे. ते ओळखा आणि त्याला लगेच फळ द्या. हात धरून पाण्यापाशी नेलं की “पाणी!” एवढंच म्हणायचं आणि द्यायचं. “पाणी म्हण, मग देईन” असं करू नका. तहानलेल्या मुलाची परीक्षा घेतली तर तो सांगणंच सोडून देतो.

जमिनीवर, त्याच्या समोर बसा. तो चाकं फिरवतोय तर तुम्हीही एक गाडी घेऊन चाक फिरवा. आपल्या खेळात त्याला ओढण्यापेक्षा त्याच्या खेळात आपण शिरायचं. प्रश्न कमी करा. “हे काय? रंग कुठला?” याऐवजी जे घडतंय ते छोट्या शब्दांत बोला: “गोल गोल”, “थांबलं”, “परत!” तो एक शब्द वापरत असेल तर आपण दोन, तो शून्यावर असेल तर आपण एक. आणि बोलून झालं की थांबा. मनात दहा आकडे मोजा. बहुतेक पालकांना ही शांतता सहन होत नाही, ते मध्येच दुसरा प्रश्न टाकतात आणि मूल जे काही गोळा करत असतं ते विस्कटतं.

आवडत्या गोष्टींपैकी एखादी पारदर्शक, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तो डबा आणून देईल तेव्हा “उघड!” म्हणून लगेच उघडा. संवाद साधायला त्याला एक कारण मिळतं. चिडवायचं किंवा अडवून धरायचं नाही.

कार्टूनच्या वाक्यांबद्दल. याला इकोलेलिया म्हणतात आणि पूर्वी ती निरर्थक बडबड समजून बंद करायला लावायचे. १९८०च्या दशकात बॅरी प्रिझंट या स्पीच थेरपिस्टनी या मुलांचं बोलणं बारकाईनं तपासलं आणि दाखवलं की त्यात विनंती असते, नकार असतो, स्वतःला शांत करणं असतं. तो कोणतं वाक्य कधी म्हणतो ते वहीत लिहा. समजा, पात्र पडल्यावरचं वाक्य तो स्वतः घाबरल्यावर म्हणत असेल, तर त्याचा अर्थ ‘मला भीती वाटतेय’. तसं ओळखून “घाबरलास? मी आहे” असं उत्तर द्या.

चित्रांचा वापर आजपासून करता येईल. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली पेक्स ही पद्धत तयार केली. त्यात मूल चित्र उचलून समोरच्याच्या हातात देतं आणि ती वस्तू मिळवतं. ती रीतसर शिकून घ्यावी लागते, पण त्याच्या रोजच्या वस्तूंचे फोटो काढून फ्रीजवर त्याच्या उंचीला लावायला काहीच हरकत नाही. “चित्रं दिली तर बोलणार नाही” ही भीती मला रोज ऐकायला मिळते. २००६ साली या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला. पुरावा भक्कम होता अशा २७ जणांपैकी एकाचंही बोलणं चित्रांमुळे किंवा खुणांमुळे कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं वाढलं होतं.

भाषा बंद करू नका. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आजी ज्या भाषेत माया करते ती भाषा काढून घेतली तर आजीच अर्धी कमी होते.

घरच्यांनी केलेल्या या गोष्टींना कमी लेखू नका. पॅक्ट नावाच्या ब्रिटनमधल्या चाचणीत थेरपिस्टनी मुलांपेक्षा पालकांवर काम केलं. मुलाशी खेळतानाचे व्हिडिओ पालकांनाच दाखवून, मूल कुठे साद देतंय ते ओळखायला शिकवलं. सुमारे सहा वर्षांनी त्या मुलांना पुन्हा तपासलं तेव्हाही फरक टिकलेला होता. मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ तुम्हीही काढा आणि रात्री दोघं मिळून बघा. त्या वेळी सुटलेले इशारे बघताना सापडतात.

स्वानंद_एकटा
मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान मोठेपणी झालं. पहिल्या दोन प्रश्नांना मी उत्तर देतो.

नजरेला नजर द्यायला लावू नका. समोरच्याच्या डोळ्यांत बघताना माझं सगळं लक्ष त्या डोळ्यांतच जातं, शब्द कानावर पडतात पण अर्थ लागत नाही. खाली बघत असतो तेव्हा मी नीट ऐकत असतो. लहानपणी हनुवटी धरून तोंड वर करायचे, “माझ्याकडे बघ” म्हणायचे. त्यातून मी शिकलो ते भुवयांच्या मधोमध बघायचं सोंग. ऐकायला काही मी त्यातून शिकलो नाही. तुमच्या मुलाला तुमच्याकडे बघावंसं वाटलं तर तो बघेल, आणि निशिगंध म्हणतात तसं समोर खाली बसलात तर त्याला ते सोपं जाईल.

हात फडफडवणं म्हणजे स्टिमिंग. आनंद आत मावत नाही तेव्हा ते होतं, आणि आवाज-गोंधळ फार झाला तेव्हा स्वतःला सावरायलाही होतं. ते थांबवायला लावलं तर मूल आपली सगळी ताकद हात खाली ठेवण्यात घालवतं, शिकायला काही उरत नाही. स्वतःला इजा होत असेल, म्हणजे डोकं आपटणं, चावून रक्त काढणं, तर मात्र मदत हवी. तिथेही नुसतं थांबवून चालत नाही. कारण शोधायचं आणि तीच गरज भागवणारं सुरक्षित काहीतरी द्यायचं. चघळायला रबराची वस्तू, ढकलायला जड उशी, असं.

आणखी एक. ऑटिस्टिक लोकांना दुसऱ्याचं मन कळत नाही असं सगळीकडे लिहिलेलं असतं. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञांनी २०१२ साली मांडलं की न कळणं दोन्हीकडून असतं. पुढे २०२० साली एक प्रयोग झाला, गोष्ट एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती तितकीच नीट पोचली जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र ती जास्त हरवली. तुमचा मुलगा तुमची भाषा शिकेल तेवढंच तुम्हीही त्याची शिका. तो तीन वर्षांचा आहे, तुम्ही मोठ्या आहात, तेव्हा सुरुवात तुमच्याकडून.

अबोली
स्वानंद, हे दोनदा वाचलं. हात फडफडवणं मी आजच सकाळी थांबवत होते. आता नाही थांबवणार. मनापासून आभार.

पारिजात
ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) म्हणून काम करते. मिक्सर, कपडे आणि झोप याबद्दल.

मेंदूला आवाज, स्पर्श, उजेड गाळून घेता आला नाही की सगळं एकदम अंगावर येतं. काही मुलांना फार जाणवतं, काहींना फार कमी, आणि एकाच मुलाला आवाज जास्त पण दुखणं कमी जाणवू शकतं. मिक्सर लावण्याआधी त्याला सांगा, मिक्सरचा फोटो दाखवा, दुसऱ्या खोलीत नेऊन दार लावा, किंवा कानावर आवाज अडवणारे हेडफोन घाला. जमल्यास बटण त्यालाच दाबू द्या. आवाज कधी सुरू होणार हे आपल्या हातात असलं की तो निम्मा सोसवतो. “सवय होऊ दे” म्हणून मुद्दाम ऐकवत बसू नका, भीती वाढते.

कपड्यांचं लेबल कापा, शिवण टोचत असेल तर उलटा घाला, नवा कपडा दोन-तीनदा धुऊन मग द्या. आवडणारा मिळाला की तसेच पुढच्या मापाचेही घेऊन ठेवा.

हट्ट आणि मेल्टडाउन यांत फरक करा, कारण उपाय उलटे आहेत. हट्टात मूल तुमच्याकडे बघत असतं, हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये त्याला काही हवंच नसतं. सकाळपासून थेंब थेंब भरत आलेलं भांडं शेवटच्या थेंबानं सांडतं, आणि आपण त्या शेवटच्या थेंबालाच कारण समजतो. त्या वेळी समजावणं, ओरडणं, प्रश्न विचारणं, सगळं बंद. लोकांना बाजूला करा, दिवा मंद करा, टोचेल-लागेल ते हलवा, जवळ बसा. मिठी त्याला आवडत असेल तरच. शिकवणं तो पूर्ण शांत झाल्यावर, आणि बहुतेकदा दुसऱ्या दिवशी.

दिवसाचा क्रम दिसेल असा ठेवा. चार-पाच फोटो ओळीत: उठणं, अंघोळ, खाणं, खेळ, बाहेर. झालं की तो फोटो ओळीतून उचलून डब्यात टाकायचा. लहान मुलांना आधी दोनच फोटो पुरतात, ‘आता’ आणि ‘मग’. क्रम बदलणार असेल तर तोही चित्रात दाखवा, एखादं ठरावीक ‘बदल’ कार्ड ठेवा आणि पहिल्यांदा ते आनंदाच्या बदलासाठी वापरा. खेळ संपवायचा असेल तर वाळूचं घड्याळ किंवा रंग कमी होत जाणारा टायमर ठेवा. “पाच मिनिटं” हे शब्द तीन वर्षांच्या मुलाला कळत नाहीत, सरकणारी वाळू कळते.

झोप: रोज तोच क्रम, तीच वेळ, खोली अंधारी, झोपण्याआधी तासभर स्क्रीन नाही. वजनदार ब्लँकेटची खूप जाहिरात दिसेल. २०१४ सालच्या चाचणीत त्यानं झोप वाढली नव्हती, तरी मुलांना आणि पालकांना ते आवडलं होतं. तेव्हा आवडलं तर वापरा, झोपेची हमी समजू नका, आणि अंगावरून ते स्वतः काढता येत नसेल अशा लहान मुलाला देऊ नका. इतकं करूनही झोप येत नसेल तर मेलाटोनिन या झोपेच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. स्वतःहून देऊ नका.

खाण्याबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण पुढे येईल म्हणून सांगते. ठरावीक रंगाचं, ठरावीक पोताचंच खाणं हा त्याचा हट्ट नसतो. चालणारे पदार्थ ताटातून कधीच काढू नका. नवं काही बाजूला ठेवा, खायचा आग्रह नको, हात लावला, वास घेतला, तरी पुरे. पदार्थांची यादी आक्रसत चालली किंवा वजन घटलं तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा.

शुभचिंतक
ताई, वाईट वाटून घेऊ नका पण हे सगळं वरवरचं आहे. माझ्या ओळखीत एका मुलाला शरीरातले जड धातू काढायची ट्रीटमेंट दिली, सोबत गहू आणि दूध पूर्ण बंद. सहा महिन्यांत बोलायला लागला. लसींमुळे हे होतं हे सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही एवढंच.

कावेरी
शुभचिंतक, तुमचा हेतू चांगला असेल. पण नुकतं निदान झालेले पालक हा धागा वाचणार आहेत, त्यामुळे हे इथे असंच सोडता येणार नाही.

धातू काढायच्या त्या उपचाराला कीलेशन म्हणतात. ते शिशाच्या विषबाधेसारख्या गोष्टींसाठी आहे. ऑटिझमवर त्याचा उपयोग होत नाही, आणि २००५ साली अमेरिकेत पाच वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा त्यात दगावला. रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरलं. लसींचा मुद्दा १९९८ साली १२ मुलांवरच्या एका लेखातून आला. त्यातली माहिती फिरवलेली होती असं सिद्ध झालं, नियतकालिकानं २०१० साली तो लेख मागे घेतला आणि तो लिहिणाऱ्या डॉक्टरचा वैद्यकीय परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची नोंद तपासली, तो अभ्यास २०१९ साली आला. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमच्या प्रमाणात फरक नव्हता.

गहू-दूध बंद केल्यानं ऑटिझम कमी होतो असाही भक्कम पुरावा नाही. आधीच मोजकं खाणाऱ्या मुलाचे दोन मुख्य पदार्थ काढले तर कुपोषण ओढवतं. ॲलर्जी किंवा सिलिअॅक (गव्हामुळे आतड्याला होणारा आजार) तपासणीत निघालं असेल तर गोष्ट वेगळी. तो मुलगा बोलायला लागला याचा मला आनंदच आहे. तीन-चार वर्षांच्या वयात सहा महिन्यांत बरीच मुलं पुढे जातात, काहीही न देता.

‘पूर्ण बरा करतो’ असं जो म्हणेल त्याच्याकडून उठून यायचं. एवढा एकच नियम पाळला तरी पालकांचे पैसे आणि मुलांचे हाल वाचतात.

निशिगंध
+१. आणि कुणी मुलाचा हात धरून अक्षरांच्या फळ्यावर ‘त्याचे विचार’ टाइप करून दाखवत असेल तर तिथूनही परत या. तपासण्यांत वारंवार दिसलंय की ते शब्द हात धरणाऱ्याचे असतात. मुलानं स्वतःच्या बोटानं, कुणी न धरता चित्र दाखवणं ही संपूर्ण वेगळी गोष्ट आहे.

रेवा_म
मी नवीन सभासद. मुलगी चार वर्षांची. आम्हाला एका सेंटरनं आठवड्याला ४० तास एबीए (वागणूक शिकवायची एक थेरपी) सांगितलंय, नाहीतर “खिडकी बंद होईल”, म्हणजे शिकायचं वय निघून जाईल, म्हणाले. खूप घाबरलोय. इतके तास खरंच लागतात का?

पारिजात
रेवा, घाबरू नका. ४० तासांचा आकडा मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांच्या १९८७ सालच्या अभ्यासातून आलाय. त्यात इतके तास मिळालेली १९ मुलं होती, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि त्या काळात शिक्षाही वापरली जात होती. आज एबीए नावाखाली खूप वेगवेगळं चालतं. कुठे खेळातून, मुलाच्या कलानं काम होतं, तर कुठे अजूनही टेबलाशी बसवून तीच आज्ञा शंभरदा देतात. लहान वयात मदत मिळावी हे बरोबरच, पण मेंदू चार वर्षांनंतर शिकायचं थांबत नाही.

तासांपेक्षा हे विचारा: सेशनला मी आत बसू शकते का? ध्येयं कोणती ठेवलीत, तिला काय हवंय ते सांगता येणं आहे का ‘शांत बसणं’? ती रडली तर तुम्ही काय करता? हात फडफडवणं थांबवणं हे ध्येयांच्या यादीत आहे का? आणि सगळ्यात मोठी खूण मुलगीच देते. दारात पोचल्यावर ती आत ओढते की मागे ओढते, ते बघा.

स्वानंद_एकटा
याला जोडून. चार वर्षांच्या मुलाचे ४० तास म्हणजे मोठ्या माणसाची पूर्ण नोकरी. तिला काहीही न करता लोळायलाही वेळ हवा. पालकांनीही थेरपिस्ट होऊन बसू नये. घरात एक जागा अशी असावी जिथे तिच्याकडून कुणाला काहीच नको असतं.

डोंगरवारा
अबोलीताई, नवऱ्याबद्दल. गप्प असणं म्हणजे मन नसणं असं नाही. अनेक बाबा रिपोर्ट वाचून गोठतात, कारण करण्यासारखं हातात काही दिसत नाही. “तुला काय वाटतं?” विचारण्यापेक्षा एक ठरावीक काम पूर्ण त्याच्याकडे द्या, रोजचं. अंघोळ, किंवा रात्रीचा झोपेचा क्रम. त्यात तुम्ही सूचना द्यायच्या नाहीत. मुलाशी त्याची स्वतःची वाट तयार होते आणि तुम्हालाही तेवढा वेळ मोकळा मिळतो. तो वेळ स्वयंपाकघरात घालवू नका, कृपया.

दुसरं, सुरक्षा. यावर कुणी लिहिलं नाही. ही मुलं नजर चुकवून निघून जातात. २०१२ साली अमेरिकेत पालकांना विचारून केलेल्या अभ्यासात जवळजवळ निम्म्या कुटुंबांनी सांगितलं की चार वर्षांच्या वयानंतर एकदा तरी मूल असं निघून गेलं किंवा तसा प्रयत्न केला. धोका रस्त्याचा आणि त्याहून पाण्याचा, कारण पाणी त्यांना फार ओढतं. दाराला त्याचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर कडी, दार उघडल्यावर वाजणारी घंटी, कपड्याच्या आत शिवलेला फोन नंबर, शेजारी आणि वॉचमन यांना त्याचा फोटो दाखवून ठेवणं. पोहायला लवकर शिकवा. आणि कधी दिसेनासा झालाच तर घरात शोधत बसण्याआधी जवळचं पाणी बघा, विहीर, तलाव, टाकी, जे असेल ते.

आजोबा_वाचतात
माझा नातू ऑटिस्टिक आहे, नऊ वर्षांचा. आमच्या पिढीच्या मंडळींना सांगतो, कारण सासूबाईंचा विषय निघाला. सुनेला कारणं विचारू नका, तिला झोपू द्या. आठवड्यातून एक सकाळ नातू माझ्याकडे असतो. आम्ही दोघं रेल्वेच्या वेळापत्रकाचं पुस्तक वाचतो. तो गाड्यांचे क्रमांक सांगतो, मी स्टेशनं शोधतो. पहिलं वर्ष तो माझ्याकडे बघतही नसे. आता मी चुकीचं पान उघडलं की माझा हात धरून बरोबर पानावर ठेवतो. “बोलेल रे, मुलगे उशिरा बोलतात” हे वाक्य घरातल्या मोठ्यांनी सोडून द्यावं. त्यानं धीर येत नाही, आई-बापांना एकटं पडल्यासारखं वाटतं.

कावेरी
काका, _/\_

मोठ्या मुलीबद्दल राहिलं. सात वर्षांच्या मुलीला खरं आणि थोडक्यात सांगा: “तुझ्या भावाचा मेंदू वेगळ्या पद्धतीनं काम करतो, त्याला ऑटिझम म्हणतात. आवाज त्याला फार मोठे वाटतात, बोलणं त्याला अवघड जातं. तुझ्यामुळे झालेलं नाही, तुला लागणार नाही.” शेवटची दोन वाक्यं जरूर सांगा, लहान मुलांना हीच भीती आत असते. तिला त्याची छोटी आई करू नका. तिची खेळणी त्यानं मोडली तर तिला रागावायचा हक्क आहे, “तू मोठी आहेस ना, समजून घे” म्हणू नका. तिच्या वस्तूंना कुलूप लागेल असं एक कपाट द्या. आणि रोज थोडा वेळ फक्त तिचा, ज्यात त्याचा विषयही निघणार नाही.

अबोली
सगळ्यांना उत्तर देतेय, थोडी उशिराच. ऐकण्याची तपासणी झाली, कान उत्तम आहेत. पोटाचा त्रास मात्र निघाला, औषध सुरू आहे आणि त्याचं रडणं बरंच कमी झालंय. ‘आता’ आणि ‘मग’चे फोटो लावलेत. अंघोळ नवऱ्याकडे दिली. दोघं पाण्यात काय करतात मला माहीत नाही, आतून हसण्याचे आवाज येतात. “परत” हा शब्द तो त्याच्या बाबाशीच पहिल्यांदा बोलला.

आता एक नवा प्रश्न. पुढच्या आठवड्यात घरी बरेच पाहुणे येणार आहेत, दोन दिवस राहतील. रद्द करता येणार नाही. काय तयारी करू?

पारिजात
त्याला: येणाऱ्यांचे फोटो आजपासून रोज दाखवा, नाव सांगून. त्या दोन दिवसांचा क्रम चित्रांत लावा आणि शेवटचं चित्र ‘पाहुणे गेले’चं ठेवा. एक खोली पूर्ण त्याची, तिथे कुणीही सामान ठेवायचं नाही. हेडफोन, गाड्या, रोजची उशी तिथेच. अंघोळ आणि झोपेची वेळ हलवू नका, बाकी सगळं हललं तरी चालेल.

पाहुण्यांना: आधीच एक मेसेज पाठवा. तो नमस्कार करणार नाही, गालाला हात लावू नका, उचलून घेऊ नका, जवळ यायचं असेल तर तो येईल. खेळायचंच असेल तर शेजारी बसून गाडीचं चाक फिरवा. पाठवायला अवघडल्यासारखं वाटेल, तर नवऱ्याच्या नातेवाइकांना नवऱ्यानं पाठवावा.

तिथे बसणं असह्य झालं की दाखवायला त्याला एक कार्ड द्या, त्याच्या खोलीच्या फोटोचं. आत्तापासूनच घरात सराव करा. पहिले काही दिवस तुम्हीच कार्ड त्याच्या हातात द्या आणि लगेच खोलीत घेऊन जा, म्हणजे कार्डाचा अर्थ बसेल. पाहुणे असताना त्यानं ते दाखवलं तर हातातलं काम टाकून ताबडतोब न्या, ताटं वाढायची असली तरी.

अबोली
मेसेज लिहून नवऱ्याला दिलाय. कार्डाचा फोटो उद्या सकाळी उजेडात काढते.

रेवा_म
अबोली, तो मेसेज इथे टाकाल का? आम्हालाही लागणार आहे.